खालून वर, एका हातानं

जानेवारीतली सकाळ आहे आणि कोर्ट ओलं आहे. मुंबईच्या आरे कॉलनीत, झाडीला लागून असलेल्या एका वसाहतीतलं हे सिमेंटचं टेनिस कोर्ट. रात्रभर साचलेलं दव कोर्टची देखभाल करणारा मार्कर रबरी वायपरनं बेसलाइनच्या मागे लोटतोय. पश्चिम द्रुतगती मार्गावर एव्हाना गाड्यांची रांग लागली असेल; इथे मात्र कोतवाल पक्ष्याची शीळ आणि लांबच्या तबेल्यातलं म्हशींचं रेकणं एवढंच कानावर येतंय. उजाडल्याशिवाय कोर्टवर पाय ठेवायचा नाही, असा इथला शिरस्ता आहे, कारण झाडीत बिबट्याचा वावर आहे. सरावाची वेळ त्यामुळे घड्याळ ठरवत नाही, उजेड ठरवतो.

उजेड पुरेसा झालाय. पंधरा वर्षांची एक मुलगी कोर्टला दोन फेऱ्या मारून बेसलाइनवर उभी राहते. बाहेरच्या बाकावर तिचे आजोबा कानटोपी ओढून बसलेत, शेजारी थर्मास. सर पन्नाशीचे, डोक्यावर कापडी टोपी, हाताशी चेंडूंची टोपली. पहिले काही चेंडू ते नुसतेच हलकेच टाकतात. मुलगी उजव्या हातानं खेळते आणि बॅकहँडही एकाच हातानं मारते. चेंडू डावीकडे आला की रॅकेट खांद्यापासून खाली उतरते, चेंडूच्या पोटाखालून अलगद कापत जाते आणि चेंडू उलटा फिरत, तरंगत पलीकडे जातो आणि पडल्यावर जमिनीलगत सरपटतो. हा तिचा स्लाइस. सुरेख आहे. पण तेवढ्यावर आता भागत नाही. समोरचा खेळाडू तिचा हा तरंगत येणारा चेंडू पाहून नेटवर चढतो आणि गुण खिशात घालतो. कोपऱ्यातून जोरात, खोल, उसळी घेणारा फटका मारायचा तर चेंडू पुढच्या दिशेनं फिरला पाहिजे. त्याचंच नाव टॉपस्पिन. आजची सकाळ त्यासाठी आहे.

सर तिला नेटजवळ बोलावतात. "ग्रिप दाखव."

ती रॅकेट उभ्या कडेवर धरून मूठ पुढे करते. रॅकेटचा दांडा गोल नसतो, अष्टकोनी असतो. सर तिच्या तर्जनीच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर बोट ठेवतात. तो दांड्याच्या वरच्या उजव्या उतरत्या बाजूवर आहे. ही कॉन्टिनेन्टल ग्रिप, स्लाइसची. या मुठीनं खालून वर घासायला गेलं की रॅकेटचं तोंड आभाळाकडे उघडतं आणि चेंडू कुंपणाबाहेर जातो. सर दुसऱ्या हातानं दांडा एक बाजू फिरवतात. सांधा आता थेट सपाट माथ्यावर येतो. ही ईस्टर्न बॅकहँड. अंगठा दांड्यामागे तिरपा टेकलाय, बोटं एकमेकांना चिकटून आवळलेली नाहीत, थोडी पसरलेली आहेत. मुलगी रॅकेट पुढे धरून बघते. मनगट न वळवताही तारा आता नेटच्या बरोबर समोर आहेत.

"फिरवायचं कुणी?" सर विचारतात.

"डाव्या हातानं."

"बरोबर. उजवा ढिला, डावा रॅकेटच्या गळ्यावर. बॉल डावीकडे येतोय असं दिसलं, की डाव्यानं रॅकेट फिरवायची आणि त्याच हातानं मागे न्यायची. उजव्याला घाई करू द्यायची नाही."

एका हाताचा बॅकहँड हे नाव फसवं आहे, हे इथे उभं राहिल्यावर कळतं. तयारी दोन हातांनीच होते. डावा हात रॅकेट मागे नेतो आणि तिच्याबरोबर खांदेही वळवतो. मुलगी चेंडूशिवाय तो फटका करून दाखवते. उजवा खांदा नेटकडे, हनुवटी त्या खांद्यावर, पाठीवरचा टी-शर्ट मागच्या बाजूला ताणलेला. समोरून पाहणाऱ्याला तिची अर्धी पाठ दिसते. मग गुडघे वाकतात आणि रॅकेटचं डोकं चेंडू जिथे असेल त्याच्या खाली उतरतं.

"मूठ डाव्या खिशापाशी. आता वर."

म्यानातून तलवार उपसावी तसा हात डाव्या मांडीपासून निघतो आणि उजवीकडे वर जातो. डावा हात त्याच क्षणी मागे ताणला जातो. छाती नेटकडे उघडत नाही, आडवीच राहते. शेवटी रॅकेटचं टोक आभाळाकडे. सर तिला तसंच थांबायला सांगतात. ती तोल न जाता थांबते, म्हणजे वजन पुढच्या पायावर नीट आलंय.

आता चेंडू. सर तिच्यापासून दोन पावलांवर उभे राहून एकेक चेंडू हातानं खाली सोडतात. चेंडू उसळतो, उतरायला लागतो, ती मारते. पहिला नेटमध्ये. दुसरा नेटमध्ये. तिसरा बाजूच्या कुंपणावर. चूक कुठे होतेय ते बाकावरूनही दिसतं. चेंडूला फिरकी द्यायची म्हणून ती ऐन वेळी मनगट चेंडूवरून पालथं करतेय. रॅकेटचं तोंड जमिनीकडे झुकतं आणि चेंडू खाली दाबला जातो.

"मनगट नको, खांदा," सर म्हणतात. "मनगटानं बॉल फिरवायचा नाही. मनगट घट्ट, कोपर सरळ, आणि सगळा हात खांद्यातून उचलायचा. खालून वर. बॉल आपोआप फिरतो."

ही गोष्ट ऐकायला सोपी आणि अंगात भिनायला फार अवघड आहे. चेंडू तारांवर असतो तो सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग. एवढ्या वेळात कुणाचंही मनगट चेंडूवरून जाणूनबुजून फिरू शकत नाही. रॅकेट चेंडूला भेटण्याआधी कुठून येत होती आणि तिचं तोंड कुठे होतं, एवढ्यावर सगळं ठरतं. तोंड उभं हवं आणि वाट चढती हवी. मग तारा चेंडूच्या पाठीवरून वर घासत जातात, चेंडूवरची लोकर त्यांच्यात क्षणभर अडकते आणि चेंडू पुढच्या दिशेनं फिरत सुटतो.

दुसरी चूक वेळेची. दोन हातांनी मारणाऱ्याला चेंडू शरीराच्या जवळ येऊ दिला तरी चालतं, कारण मागचा हात ढकलायला असतो. एका हाताला तो आधार नाही. चेंडू पुढच्या पावलाच्याही साधारण फूटभर पुढेच गाठावा लागतो. तिथे हात सरळ असतो आणि खांद्याची सगळी ताकद त्याच्या मागे असते. चेंडू कमरेपर्यंत आत आला की कोपर दुमडतं आणि उरतो तो नुसता धक्का. सर खडूनं तिच्या पुढच्या पावलासमोर एक रेघ मारतात. "इथे गाठायचा. या रेघेच्या अलीकडे आला तर मारूच नको, सोडून दे."

ती दोन सोडते. तिसरा रेघेवर गाठते. आवाज बदलतो. आतापर्यंत थप्पकन येणारा बोथट आवाज जाऊन त्याच्या जागी एक खरखरीत, घासलेला आवाज येतो. चेंडू नेटवरून चांगला उंच जातो, लांब जाणार असं वाटतानाच खाली वळतो, बेसलाइनच्या आत पडतो आणि मागच्या कुंपणावर खांद्याच्या उंचीला आपटतो. आजोबा थर्मासचं झाकण हातात धरून तसेच बघत राहतात.

मार्कर तोवर दोन बांबू आणि सुतळीचा गुंडा घेऊन आलाय. नेटच्या दोन्ही खांबांना बांबू बांधून तो नेटच्या वर सुमारे तीन फुटांवर सुतळी ताणतो. टेनिसचं नेट मध्यभागी तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असतं. सुतळी त्याच्या दुप्पट उंचीवर आहे. आता प्रत्येक बॅकहँड सुतळीवरून गेला पाहिजे आणि तरीही कोर्टात पडला पाहिजे. सपाट मारलेला जोरकस चेंडू सुतळीवरून गेला तर थेट कुंपणावर जाईल. सुतळीवरून जाऊन आत पडायचं तर फिरकीला पर्याय नाही.

फिरता चेंडू असा का वळतो, हा प्रश्न विज्ञानातही जुना आहे. न्यूटननं १६७२ मध्ये प्रकाशावरच्या आपल्या पत्रात तिरप्या रॅकेटनं मारलेला टेनिसचा चेंडू वक्र वाटेनं जाताना आपण पाहिल्याची नोंद केली होती. लॉर्ड रॅले यांनी १८७७ मध्ये टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या वाटेवर स्वतंत्र निबंधच लिहिला आणि त्यात जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नस यांच्या प्रयोगांचा आधार घेतला. टॉपस्पिनच्या चेंडूचा वरचा भाग पुढे फिरत असतो, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी झगडत असतो. खालचा भाग हवेच्या बरोबरीनं मागे सरकत असतो. त्यामुळे चेंडूच्या मागे सुटणारी हवा वरच्या बाजूला लोटली जाते आणि चेंडू स्वतः खाली ढकलला जातो. गुरुत्वाकर्षण त्याला ओढतच असतं, त्यात ही भर. म्हणून टॉपस्पिनवाला खेळाडू जोरात मारूनही नेटपासून भरपूर अंतर राखू शकतो. थोडी चूक झाली तरी चेंडू सहसा नेटमध्ये जात नाही. जमिनीवर पडल्यावर त्याच फिरकीमुळे चेंडू झेप घेतो आणि समोरच्याला कमरेऐवजी खांद्यापाशी खेळावं लागतं.

सकाळचं दव मात्र या सगळ्याच्या विरोधात आहे. लोकरीत ओल धरून चेंडू जड झालेत आणि कमी उसळतायत. टॉपस्पिनसाठी रॅकेट चेंडूच्या खाली जायला हवी. चेंडूच गुडघ्याला असेल तर खेळाडूला आणखी खाली जावं लागतं. मुलगी कमरेत वाकते. सर लगेच थांबवतात. "कंबर नाही, गुडघे." ती मागचा गुडघा जमिनीला टेकेल इतका खाली नेते. पुढचे चार चेंडू सुतळीवरून जातात. पाचवा सुतळीवरच आपटतो आणि सुतळी थरथरत राहते.

सूर्य आता झाडांच्या शेंड्यांवर आलाय. दूध काढून झालेल्या तबेल्यांकडून गाड्या निघाल्यात, शेण आणि ओल्या पेंढ्याचा वास वाऱ्याबरोबर कोर्टवर येतो. आरे कॉलनी म्हशींसाठी वसवली गेली. मुंबईतल्या दाटीवाटीच्या गोठ्यांतून जनावरं बाहेर काढून त्यांना इथे मोकळी जागा द्यायची, ही तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची योजना. ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरूंनी इथे येऊन तिचं उद्घाटन केलं. म्हशींच्या आधीपासून इथे आदिवासी पाडे आहेत, आजही सत्तावीस आहेत. मार्कर त्यांतल्याच एका पाड्यावरचा. लहानपणी कुंपणाबाहेर गेलेले चेंडू झाडीतून शोधून आणून देता देता त्यानं रॅकेट हातात घेतली. त्याला शिकवणी कुणी दिली नाही. पण चेंडू कुठे टाकला की कुणाची अडचण होते, हे त्याच्याइतकं या कोर्टवर कुणाला कळत नाही.

आणि आता तो नेटच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. सराव संपला, कसोटी सुरू. मार्कर फोरहँडनं जोरदार टॉपस्पिन मारतो. चेंडू मुलीच्या डावीकडे पडतो आणि उसळून थेट तिच्या खांद्यापर्यंत चढतो.

एका हाताच्या बॅकहँडची खरी परीक्षा या चेंडूवर होते. खांद्याच्या उंचीवर एकट्या हाताला जोर मिळत नाही. रॉजर फेडररसारख्या खेळाडूलाही वर्षानुवर्षं याच चेंडूनं छळलं. डावखुरा राफेल नदाल आपला उसळता फोरहँड तिरका मारून फेडररच्या बॅकहँडवर टाकत राहिला आणि फ्रेंच ओपनमध्ये, पॅरिसच्या लाल मातीवर २००६, २००७, २००८ आणि २०११ असे चार अंतिम सामने त्यानं जिंकले. २०१४ मध्ये फेडररनं ९० चौरस इंचांची आपली जुनी रॅकेट सोडून ९७ चौरस इंचांची घेतली. २०१७ च्या जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात तोच नदाल समोर होता. या वेळी फेडरर मागे सरकला नाही, स्लाइसवरही फारसा विसंबला नाही. चेंडू उसळून वर चढण्याआधीच, बेसलाइनवर उभं राहून तो टॉपस्पिननं मारत राहिला. पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असताना त्यानं सलग पाच गेम घेतले आणि सामना जिंकला. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता.

मार्करच्या उंच चेंडूला उत्तरं दोनच. एक तर दोन पावलं मागे जाऊन तो कमरेपर्यंत उतरू द्यायचा, नाही तर पुढे सरसावून चढण्याआधी गाठायचा. मुलगी आधी मागे जाते. मागे जाताना तोल मागच्या पायावर राहतो, चेंडू आखूड पडतो आणि मार्कर पुढे येऊन गुण घेतो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तिच्या चेहऱ्यावर वैताग दिसायला लागतो.

शेजारच्या बाकावर एक गृहस्थ मुलाला घेऊन पुढच्या वेळेसाठी येऊन बसलेत. ते आजोबांना म्हणतात, "आमच्याला पहिल्या दिवसापासून दोन हातच शिकवले. बारा वर्षांखालच्या स्पर्धा त्यावरच जिंकतात मुलं. तुम्ही पण बदलून टाका ना."

आजोबा सरांकडे बघतात. सर चेंडू गोळा करता करता उत्तर देतात आणि त्यांच्या आवाजात वादाचा सूर नाही. "दादा, दोन हात चांगलेच आहेत. बहुतेक मुलांना तेच द्यावेत. सर्व्हिस परत करायला सोपं, उंच बॉलला सोपं, लवकर येतं. पण हिचा हात आपणहून एकटा गेला. हिचा खांदा वळतो, पाय वेळेवर पोचतात. मग ते मोडायचं कशाला? थोडा वेळ द्यायचा."

जगात हा वेळ देणारे कमी होत चाललेत, ही खरी गोष्ट आहे. पुरुषांची संगणकीय क्रमवारी १९७३ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदाच असं झालं, की पहिल्या दहांत एका हातानं बॅकहँड मारणारा एकही खेळाडू नव्हता. तरी हा फटका निकामी झालाय असं म्हणायला आधार नाही. १९९७ मध्ये ब्राझीलचा गुस्तावो कुएर्टेन ६६ व्या क्रमांकावरून येऊन फ्रेंच ओपन जिंकला तो एका हाताच्या टॉपस्पिनवर. पुढे २००० आणि २००१ मध्येही जिंकला. पॉलिएस्टरच्या तारांनी चेंडूला किती फिरकी देता येते, ते त्यानं दाखवून दिलं. बेल्जियमच्या जस्टिन एनॅंची उंची जेमतेम साडेपाच फूट. तिनं एका हाताच्या बॅकहँडवर पॅरिस चार वेळा जिंकलं. स्टॅन वावरिंकानं २०१५ मध्ये तिथेच नोव्हाक जोकोविचला हरवलं. आपल्याकडचा दाखलाही दूरचा नाही. रोहन बोपण्णा एका हातानं बॅकहँड मारायचा. २०२२ मध्ये तो रामकुमार रामनाथनबरोबर पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची दुहेरी जिंकला. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर त्यानं मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेतलं आणि २०२४ च्या जानेवारीत, त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली.

कोर्टवर सरांनी खेळ थांबवलाय. ते मुलीला बेसलाइनच्या आत एक पाऊल आणून उभं करतात. "इथून मागे जायचं नाही. बॉल जमिनीवरून निघाला की तिथेच गाठायचा. आणि डावा हात सोडायची घाई करतेस. डावा मागे ओढलास, की छाती आडवी राहते. छाती उघडली की संपलं."

मार्कर पुन्हा मारतो. या वेळी ती चेंडू नेटवरून येतानाच वळलेली आहे. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर, पाठ समोरच्याला दिसतेय, मूठ डाव्या खिशापाशी. चेंडू जमिनीला लागतो, निघतो, अजून छातीपर्यंतही आलेला नाही. उजवं पाऊल पुढे पडतं आणि गुडघा त्यावर स्थिर होतो. हात सरळ होतो. तारा चेंडूला पावलाच्या पुढे भेटतात आणि वर जातात. डावा हात मागे पसरतो. तो खरखरीत आवाज येतो. चेंडू नेटवरून तिरका, उंच जातो, साइडलाइनपाशी वळून आत पडतो आणि बाहेर उसळतो. मार्कर धावतो, रॅकेट लांबवतो, चेंडू त्याच्या टोकाला लागून झाडीत जातो.

"हां!" मार्करच पलीकडून ओरडतो.

मुलगी हसत नाही. ती जागेवर उभी राहून तोच फटका पुन्हा हवेत मारून बघते, जो आत्ता लागला तो अंगात बसवायचा म्हणून. मग दुसऱ्या चेंडूसाठी हात वर करते. पुढचा नेटमध्ये जातो. त्याच्या पुढचा लांब पडतो. त्याच्या पुढचा पुन्हा तसाच तिरका, वळणारा, आत. सरांना त्यात नवल वाटत नाही. हा फटका एका सकाळीत येत नाही. आधी दहांत एक लागतो, मग तीन, मग सामन्यात दबावाखाली एकही लागत नाही, आणि मग एके दिवशी लागायला लागतो. स्लाइस तिच्याकडे आहेच, तो टाकायचा नाही. एकाच तयारीतून दोन वेगळे चेंडू निघायला लागले, एक खाली सरपटणारा आणि एक उसळणारा, की समोरच्याला शेवटपर्यंत अंदाज येत नाही. एका हाताचं मोठं बळ यातच आहे.

बाकावरचा मुलगा केव्हापासून टक लावून बघतोय. सर त्याला आत बोलावतात, तेव्हा तो रॅकेट दोन हातांनी धरून उभा राहतो आणि क्षणभर डावा हात सोडून बघतो. त्याचे वडील काही बोलत नाहीत.

इथे पाहिलेल्या गोष्टीवरून पालकांना आणि प्रशिक्षकांना एक सांगणं आहे. प्रत्येक मुलाला एका हाताचा बॅकहँड देऊ नका. दोन हातांनी ज्याचं भलं होतं त्याचं होऊ द्या. पण एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा हात आपणहून एकटा जात असेल, खांदा वळत असेल, पाय वेळेवर पोचत असतील, तर बारा वर्षांखालच्या स्पर्धांतल्या चार गुणांसाठी तो हात बांधून टाकू नका. त्याला नीट ग्रिप द्या, मनगटाऐवजी खांदा वापरायला शिकवा, चेंडू पावलाच्या पुढे गाठायची सवय लावा आणि एक-दोन वर्षं धीर धरा. खालून वर जाणारा हा फटका उशिरा येतो, पण एकदा आला की त्रेचाळिसाव्या वर्षीही साथ देतो.